घेणाऱ्याचा हक्क

१

संपत ट्रॅक्टरखाली सापडून मेला, आणि मेल्यावर गावानं त्याला दारुडा ठरवलं.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीच्या पुढं कच्च्या रस्त्याला लागलं की मोसंबीच्या बागा सुरू होतात. त्यातली खडकवाडीची सगळ्यांत मोठी बाग काकासाहेबांची. संपत त्या बागेवर ड्रायव्हर होता. झाडांच्या दोन ओळींमधून जाईल असा छोटा ट्रॅक्टर काकासाहेबांनी मुद्दाम बागेसाठी घेतला होता, आणि तो फक्त संपतच्या हातात असायचा. दिवाळीनंतरच्या थंडीत एका संध्याकाळी तोच ट्रॅक्टर नाल्याच्या बांधाखाली उजव्या अंगावर पडलेला सापडला. खाली संपत. मान मोडलेली, कपड्यांना दारूचा भपकारा.

पंचनामा झाला. बाग बंद असताना दारू पिऊन ट्रॅक्टर फिरवला, तोल गेला, उलटला. कागद मिटले.

त्याची बायको नंदाबाई तेराव्यापर्यंत गप्प होती. तेरावं झालं तशी ती चौकात चहाच्या टपरीसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोठी पोरगी झाली तवाच त्यांनी दारू सोडली व्हती. त्यांना कोणी पिताना बघितलं आसंल त्यानं म्होरं यावं."

कोणी पुढं आलं नाही. पण कोणी म्हणणं मागंही घेतलं नाही. शाळेत तिच्या पोरींना पोरं दारुड्याच्या पोरी म्हणत राहिली.

संक्रांतीनंतर बातमी आली, काकासाहेब तो ट्रॅक्टर विकायला काढून राह्यले. नंदाबाईनं दुसऱ्याच दिवशी जालन्याची एसटी धरली.

२

जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर उमाताई राहायच्या. औरंगाबादेत त्यांनी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला होता, आणि अपघातात सापडलेल्या गाड्या विम्यासाठी तपासायचं काम त्या करायच्या. बाई गाडीखाली शिरते म्हणून लोक हसायचे. उमाताई त्यांना हसू द्यायच्या आणि गाडीखाली शिरायच्या. खडकवाडीजवळ उलटलेली एक जीप त्या तपासत होत्या, तेव्हा नंदाबाईनं त्यांना पाहिलं होतं.

सगळं ऐकून उमाताई म्हणाल्या, "नंदाबाई, केस बंद झालीय. मला त्या ट्रॅक्टरला हात लावायचा अधिकार नाही. मालक बागेत पायसुद्धा ठेवू देणार नाहीत."

"त्यो ट्रॅक्टर विकायला काढलाय."

"बरं, मग?"

"घेणाऱ्याला तर बघू देत्यात ना? उघडून, वाकून, पार खालून?"

उमाताईंनी हातातला कप खाली ठेवला. "पण तुम्ही घेणार कशानं?"

"बघायला पैसे लागत न्हाईत," नंदाबाई म्हणाली.

"तुम्हाला त्याच्याजवळ उभं राहवेल?"

"न्हाई राहवणार. तरीबी राहीन."

उमाताई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची पिशवी काढली, त्यात नटबोल्टचे पाने, टॉर्च आणि एक आकडा असलेली तार टाकली. जिन्याशी थांबून त्यांनी विचारलं, "त्यांच्या अंगावरचं सगळं तुम्हाला परत मिळालं का?"

"कपडे मिळाले. गळ्याची पट्टी न्हाई मिळाली. थंडीची बांधायचे. इचारलं तर सगळे म्हणले, तसलं काही नव्हतंच."

३

ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. नंदाबाईला दारात पाहून काकासाहेबांचा पुतण्या मच्छिंद्र आधी गोंधळला, मग मोठ्यानं हसला. बागेचा सगळा कारभार तोच बघायचा.

"नंदाबाई, तुम्ही घेणार? ह्यो?"

"काहून? माझ्या नवऱ्यानं चालवला, मी घेऊ नये का?"

"अवो पण ज्यानं माणूस खाल्ला त्यो..."

"खाल्ला का न्हाई ते बघायलाच बाई आणली मी."

आवाज ऐकून काकासाहेब ओसरीवरून उठून आले. पांढरा फेटा, हातात काठी. नंदाबाईकडं त्यांना नीट बघवत नव्हतं. "बघू दे मच्छिंद्र," ते म्हणाले. "घेणाऱ्याला बघायचा हक्क आहे. चावी दे."

उमाताईंनी अगदी गिऱ्हाइकासारखी सुरुवात केली. बॉनेट उघडलं, तेलाची काडी काढून बोटावर तेल चोळून पाहिलं. रेडिएटरचं झाकण उघडलं. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, स्टिअरिंग किती मोकळं फिरतंय ते बघितलं. ट्रॅक्टर सुरू करून धूर पाहिला, मग बंद केला. मच्छिंद्र बाजूला उभा राहून कंटाळून राह्यला होता.

"इंजिन चांगलं आहे," उमाताई म्हणाल्या. "पडल्यापासून दुरुस्ती काय काय केली?"

"काहीच न्हाई. सरळ करून शेडात लावला. हातबी लावला न्हाई कोणी."

उमाताई मागं गेल्या. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला एक दांडा बाहेर आलेला असतो. इंजिन चालू असलं की तो गरागरा फिरतो, आणि त्याला जोडून फवारणीचा पंप चालवतात. माणसाचं कापड त्यात अडकू नये म्हणून त्यावर पत्र्याचं झाकण असतं. ह्या ट्रॅक्टरच्या झाकणाचा रंग अजून चकचकीत होता. सगळा ट्रॅक्टर उन्हापावसानं विटलेला, नटांवर गंज, आणि ह्या झाकणाचे बोल्ट मात्र काल बसवल्यासारखे.

उमाताईंनी एका बोल्टवरून बोट फिरवलं. त्या उजव्या मडगार्डपाशी वाकल्या. चाकावरचा हा जाड पत्रा कडेनं बाहेरच्या बाजूला वाकला होता आणि कडेच्या आतल्या अंगाला साखळीच्या कड्यांचे ओरखडे होते. मग डाव्या बाजूला गेल्या. तिथं अॅक्सलवरही साखळीच्या खुणा होत्या.

"झालं का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"झाकण काढून बघते. दांड्याला ढिलेपण असेल तर पंप नीट चालत नाही."

"त्याची काय गरज?"

"घेणाऱ्याला बघायचा हक्क आहे," नंदाबाई म्हणाली.

झाकण निघालं. उमाताई टॉर्च तोंडात धरून आडव्या झाल्या आणि दांडा जिथं आत शिरतो त्या खाचेत त्यांनी आकड्याची तार घातली. ग्रीसनं काळा झालेला दोऱ्यांचा गुंता बाहेर आला. पदराच्या टोकानं त्यांनी तो पुसला. आत पिवळा आणि जांभळा रंग होता.

नंदाबाई शेजारीच उकिडवी बसली होती. तिनं मागच्या चाकाचा टायर घट्ट धरला, इतका की बोटांची नखं पांढरी पडली.  मच्छिंद्रच्या नजरेला पडायच्या आत उमाताईंनी दोरे मुठीत मिटले.

४

"कोणी पाहिला पहिल्यांदा?" अंग झटकत उमाताईंनी सहज विचारलं. "पडला कसा ते कळलं तर कुठं मार बसला तेही कळतं. घ्यायचं म्हणजे सगळं विचारावं लागतं."

पाहिला होता तातेरावानं. तातेराव काकासाहेबांच्या मोठ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, उतरत्या वयाचा आणि बोलायला घाबरणारा. तो गोठ्यापाशी कडबा टाकत होता.

"मी पोचलो तवा पडेलच व्हता ताई. उजव्या अंगावर. मी मोठा ट्रॅक्टर नेला, डाव्या अॅक्सलला चैन लावली आन् ओढून सरळ केला."

"उजव्या मडगार्डला लावली नाही?"

"ते तर खाली मातीत दबेल व्हतं. तिथं चैन लावायला हात तरी जाईल का?"

"चैन तुमचीच?"

तातेरावानं मच्छिंद्रकडं पाहिलं. "मोठ्या ट्रॅक्टरचीच. पन ती पेटीत नव्हती त्या दिवशी. बांधावरच पडेल सापडली."

"मोठा ट्रॅक्टर थंडीत लवकर सुरू होतो का?"

"कुठला वो! संध्याकाळी गार पडला की दहा येळा फिरवावा लागतो. त्या दिवशी मातर एका झटक्यात चालू झाला. मला वाटलं, देवाचीच इच्छा."

मच्छिंद्र मध्येच म्हणाला, "तातेराव, तू कडबा बघ."

काकासाहेबांनी ओसरीवर चहा मागवला. नंदाबाई खाली पायरीवर बसली नाही, खांबाला टेकून उभी राहिली. काकासाहेब म्हणाले, "त्या दिवशी आम्ही सगळे पिंपळगावला गेल्तो, रेणुकाईचा नवस फेडायला. गड्यांनाही सुट्टी दिल्ती. मी घरी असतो तर त्याला ट्रॅक्टरवर बसू दिलं नसतं."

"आणि मच्छिंद्रराव?"

"मी जालन्याला, मोंढ्याच्या बाजारात," मच्छिंद्र म्हणाला. "आलो तवा बॉडी अंबडला गेल्ती. म्या बघितलासुद्धा न्हाई त्याला."

"म्हणजे त्या दिवशी फवारणी नव्हतीच."

"फवारणी कशाची? पंपाला हातबी लागला न्हाई. सुट्टी म्हणून प्याला आन् ट्रॅक्टर घेऊन हिंडला."

अंगण झाडणारी गिरिजाबाई झाडू टेकून उभी राहिली. बागेत खुरपायलाही तीच जायची. "अवो मंग निळ्या पानांचं काय?" ती भोळेपणानं म्हणाली. "दुसऱ्या दिशी मी गेले तवा नाल्याकडच्या ओळीत अर्ध्या झाडांची पानं निळी व्हती. मोरचूद-चुन्याची फवारणी झाल्यावानी. अर्धी ओळ निळी, अर्धी हिरवी. मला वाटलं काम अर्ध्यात टाकून कोणी गेलं."

 काकासाहेबांनी पुतण्याकडं पाहिलं.

"आधीची आसंल कवाची तरी," मच्छिंद्र म्हणाला.

५

उमाताई पुढं काही बोलणार, तेवढ्यात नंदाबाई खांबापासून सुटून अंगणाच्या मध्यावर आली.

"मच्छिंद्रभाऊ, ट्रॅक्टर राहू द्या. मला एकच सांगा. त्यांच्या गळ्यातलं कुठं गेलं? तेवढं मला परत द्या."

"काय सोन्याची साखळी व्हती का गळ्यात?" मच्छिंद्र वैतागला. "बायकोच्या फाटक्या लुगड्याचा पिवळा काठ गुंडाळून हिंडायचा, अन् त्याचं तुम्ही एवढं..."

"काय म्हणला?"

"म्हणलं, फाटक्या लुगड्याचा..."

"फाटक्या लुगड्याचा पिवळा काठ," नंदाबाई सावकाश म्हणाली. "त्यांची रोजची पट्टी लोकरीची व्हती, तांबडी. सगळ्या गावानं बघेल हाय. ती पोरीला ताप आला म्हणून तिच्या गळ्याला बांधली, आन् ह्यांना मी त्याच दिवशी माझ्या जांभळ्या लुगड्याचा काठ फाडून दिला. गळ्यात घालून ते घरातून निघाले, ते परत आलेच न्हाईत. तुम्ही जालन्यात व्हता. तुम्ही बॉडीबी बघितली न्हाई. मंग तुम्हाला पिवळा काठ कुठं दिसला?"

 "कोणीतरी सांगितलं," मच्छिंद्र म्हणाला.

"कोण? तातेराव, तुमी बघितली पट्टी?"

तातेराव गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं मान हलवली. "गळ्यात काहीच नव्हतं. पंचनाम्यालाबी म्या तेच सांगितलं."

उमाताईंनी मूठ उघडली आणि ते दोरे काकासाहेबांसमोरच्या तबकात ठेवले.

"हे दांड्याच्या खाचेतून निघाले. काकासाहेब, संपतराव ट्रॅक्टर उलटून मेले नाहीत. उभ्या ट्रॅक्टरवर फवारणी चालली होती, म्हणून अर्धी ओळ निळी झाली. दांड्यावर झाकण नव्हतं. ते वाकले, गळ्याची पट्टी फिरत्या दांड्यात गेली. मान तिथंच मोडली."

"झाकण तर आहे," काकासाहेब म्हणाले.

"नंतर बसवलेलं. हात लावला नाही म्हणतात, पण बोल्ट नवे आहेत. आता उजवं मडगार्ड बघा. ट्रॅक्टर त्या अंगावर पडला, तर पत्रा आत दबायला हवा. तो बाहेर ओढला गेलाय, आणि त्याला साखळीचे ओरखडे आहेत. पडल्यावर ते मडगार्ड मातीखाली होतं, तिथं कोणाला साखळी लावता आली नसती. म्हणजे साखळी पडायच्या आधी लागली. कोणीतरी उभा ट्रॅक्टर बांधावर नेऊन मोठ्या ट्रॅक्टरनं खाली ओढला. म्हणून साखळी बांधावर राहिली. म्हणून तातेरावांच्या हाताखाली थंड इंजिन एका झटक्यात सुरू झालं, कारण ते थंड नव्हतंच."

"आन् दारू?" नंदाबाईनं मच्छिंद्रकडं बघत विचारलं. "दारू तुम्ही त्यांच्या अंगावर वतली, न्हाई?"

मच्छिंद्र खाली बसला. 

"म्या मारलं न्हाई त्याला," तो म्हणाला. "काका, शपथ सांगतो. झाकण मीच काढून टाकल्तं, पंप जोडायला आडवं येत व्हतं म्हणून. त्यो म्हणत व्हता, झाकणाबिगर चालवणार न्हाई. म्या म्हणलं, मंग उद्यापासून येऊ नको. अवकाळी पाऊस यायच्या आत फवारणी उरकायची व्हती, म्हणून सुट्टीतबी बोलावल्तं त्याला. मी तिथंच उभा व्हतो. एका क्षणात... मला काही सुचलंच न्हाई."

"न्हाई सुचलं?" नंदाबाई म्हणाली. "ट्रॅक्टर वढायचं सुचलं. दारू आणायचं सुचलं. बाजारातून झाकण आणून बसवायचं सुचलं. एक फक्त खरं सांगायचं सुचलं न्हाई तुम्हाला."

६

काकासाहेबांनी तबकातले दोरे बोटानं सारून पाहिले. मग काठी टेकत उठले आणि नंदाबाईसमोर आले.

"नंदाबाई, झालं ते लई वाईट झालं. मला ठाऊक नव्हतं, रेणुकाईची आण. पण पोरगं घरचं आहे. त्याला आत टाकून संपत परत येणार न्हाई. हा ट्रॅक्टर तू असाच घेऊन जा. पोरींच्या शिक्षणाचं मी बघतो. आपल्यातली गोष्ट आपल्यात ठेवू."

उमाताई दोन पावलं मागं सरल्या. हे उत्तर त्यांचं नव्हतं.

"आपल्यातली?" नंदाबाई म्हणाली. "काकासाहेब, माझा नवरा दारुडा व्हता ही गोष्ट आपल्यातली ठेवली का तुम्ही? ती तर चौकात गेली, शाळेत गेली, माझ्या माहेरपातूर गेली. आता ही बी तिथवर जाऊ द्या."

"तू मला समजून घे."

"मी तुम्हाला लई दिस समजून घेतलं. आता पोलिसांना बोलवा. न्हाई तर मी बोलवते."

काकासाहेबांचा हात घरातल्या फोनकडं गेला नाही. तेव्हा तातेराव पुढं झाला. त्यानं डोक्याचं पागोटं सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाला, "चौकातून फोन लावतो. जबाबबी देतो. चैनीचं आन् इंजिनाचं, दोन्हीचं."

"तातेराव, नोकरी जाईल," काकासाहेब म्हणाले.

"जाऊ द्या," तातेराव म्हणाला. आणि तो चौकाच्या दिशेनं निघाला.

दुपार कलायच्या आत अंबडहून जीप आली. उमाताईंनी फौजदारांना एकेक खूण दाखवली. पानं निळी झाली होती ती ओळ आपण दाखवतो म्हणून गिरिजाबाई शिपायांना घेऊन बागेत गेली. मच्छिंद्रला जीपमध्ये बसवलं. पुरावा म्हणून ट्रॅक्टरही न्यायचा ठरला, तेव्हा काकासाहेब शेवटचं म्हणाले, "साहेब, एवढं करा. नाल्याकडच्या रस्त्यानं न्या. गावातून नको."

फौजदार विचार करत होते. नंदाबाई चालत जाऊन जीपच्या पुढं उभी राहिली.

"गावातून," ती म्हणाली.

"बाई, बाजूला व्हा. रस्ता कोणता ते आम्ही ठरवू."

"ठरवा. पर मी इथून हालणार न्हाई. त्यांना झाकून नेल्तं रातीतून, नाल्याकडनंच. ह्यो दिवसाढवळ्या जाईल, चौकातून."

फौजदारांनी तिच्याकडं पाहिलं, मग उमाताईंकडं. उमाताई सरळ नंदाबाईशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. फौजदारांनी टोपी डोक्यावर घातली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गावातून घे."

जीप पुढं, तिला दोरानं बांधलेला छोटा ट्रॅक्टर मागं, त्याच्या स्टिअरिंगवर एक शिपाई. नंदाबाई गाडीत बसली नाही. ती ट्रॅक्टरच्या बाजूनं पायी चालली, डोक्यावरचा पदर नीट घेऊन, मान सरळ ठेवून. बाया ओट्यांवर आल्या. टपरीवरची माणसं एकेक करून उठून उभी राहिली. शाळा सुटली होती. पोरींचा घोळका रस्त्याकडेला थांबला, त्यात तिच्या दोघीही होत्या. धाकटी धावत येऊन तिचं बोट धरून चालू लागली. थोरली जागेवरच उभी राहिली आणि तिनं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं.

टपरीवाला कचरू चहाची किटली हातात घेऊन रस्त्यावर आला. "नंदाबाई," त्यानं विचारलं, "ट्रॅक्टर कुठं चालला?"

"अंबडला," नंदाबाई न थांबता म्हणाली. "आमच्या ह्यांचा जबाब द्यायला. त्यांचा तेवढा राहिला व्हता."